डावीकडचा

आधी बोटाच्या पेराने लाकूड वाजवायचं.
मग मागच्या जाळीला नाक लावून वास घ्यायचा.
बुरशी, उंदीर, सिगारेट. सिगारेट चालते.
तेवीस वर्षं माझा हाच धंदा,
मेलेल्यांचे स्पीकर स्वस्तात घेणं
आणि जिवंतांच्या गळ्यात महाग मारणं.
वाईट वाटून घ्यायला सवड नसते,
व्हॅन बाहेर पिवळ्या रेघेवर उभी असते.

हल शहर, हेसल रोडच्या मागची गल्ली.
ग्लेनिस थॅकरे, साठी उलटलेली,
न विचारताच चहा ओतते.
"बाबांनी एकसष्ट साली घेतले,
आइसलंडच्या एका फेरीच्या पैशांत.
पावती आहे, बिस्किटांच्या डब्यात, जन्मदाखल्यांबरोबर."

अक्रोडाचं लाकूड. नंबर लागोपाठचे,
४४१७ आणि ४४१८.
माझ्या मनात एक आकडा तयार झाला
आणि जिभेवर त्याच्या निम्मा.

मागची फळी उघडली.
उजव्याचा कागद दमलेला, कडेला सुरकुत्या,
जुन्या बुटाच्या जिभेसारखा मऊ.
डाव्याचा कोरा करकरीत,
जणू कालच कारखान्यातून निघाला.
"हा कुणीतरी बदललाय," मी म्हणालो.
मी असं म्हणतोच. भाव उतरतो.

"बदललेला नाही.
चौसष्टच्या जानेवारीत ट्रॉलरवर विंचची तार तुटली.
बाबांचा डावा कान गेला, एक बोटही.
घरी आले नि बॅलन्सचं बटण पार उजवीकडे फिरवलं.
म्हणाले, जे मला ऐकू येत नाही
त्याला वीज कशाला पाजायची?
मग त्या बटणाला कुणी हात लावला नाही.
आई डाव्याजवळ बसायची, विणत.
त्यावर तिचा लोकरीचा डबा."

झाकणावर वर्तुळ होतंच, फिकट.
ते मी मघाशीच मनातल्या मनात कापून घेतलं होतं, चाळीस पौंड.

चाचणी घ्यावी लागते.
तिने एक रेकॉर्ड काढली, कडा झिजलेली,
स्टीरिओ नवा होता तेव्हाची,
जेव्हा एकाला या भिंतीशी उभं करायचे
आणि दुसऱ्याला त्या.
बटणावर साठ वर्षांची धूळ. थोडं कुरकुरलं.
मी ते मधोमध आणलं.

पुरुष दोन ओळी गायला.
मग डावीकडून एक बाई.

ग्लेनिसच्या हातात किटली तशीच.
"ही कोण?"
"रेकॉर्डवर लिहिलंय की. दोघं गातात."
"आमच्याकडे तो एकटाच गायचा," ती म्हणाली,
"दोन ओळी गायचा आणि थांबायचा.
मला वाटायचं, दम घेत असेल.
तेवढ्या वेळात आई टाके मोजायची, मोठ्याने.
सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.
मग तो पुन्हा सुरू."

ती खुर्चीवर बसली नाही.
आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली,
बाजू संपेपर्यंत.
मग म्हणाली, पुन्हा लावता?
मी लावली. व्हॅनचं काय व्हायचं ते होवो.

"एकच घेतलात तर? डावा राहू दे इथे."
"एकट्याला गिऱ्हाईक नसतं," मी म्हणालो.
हे मी रोज म्हणतो.
आज बोलून झाल्यावर चहाकडे बघत राहिलो.

निम्मा आकडा तोंडातून निघालाच नाही.
पुराही नाही निघाला, मी काही साधू नाही.
मधलाच कुठलातरी बोललो.
तिने घासाघीस केली नाही,
नोटाही मोजल्या नाहीत,
बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, दाखल्यांवर.

डावा उचलताना पाठीत कळ आली.
मला उगाच वाटलं होतं, तो हलका असेल.
घोंगडीत गुंडाळून दोघांना व्हॅनमध्ये
तोंडाला तोंड लावून बांधलं.

पट्टा विसरला म्हणून परत आत गेलो.
ती गालिच्यापाशी वाकली होती.
आठ पायांचे आठ खळगे,
चार गाणाऱ्याचे, चार गप्प बसलेल्याचे.
ती प्रत्येकात बोट घालून बघत होती.
मीही बघितलं.
आठही सारखेच खोल.